पायरीवरचं नाव



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते हजेरी कधी उरकत नसत. प्रत्येक नाव पूर्ण घेत, आणि नावावर क्षणभर थांबत. आमच्या वर्गात हजेरीपटावर एक नाव होतं: हैबती. अंगानं काटकुळा, पाल दिसली तरी बाकावर चढणारा मुलगा. एके दिवशी गुरुजी त्याच्या नावाशी थांबले आणि वर्गाला विचारलं, "हैबत म्हणजे काय रे?" कुणालाच सांगता येईना. गुरुजी म्हणाले, "दरारा. समोर आला की पुढच्याची बोबडी वळावी, असा माणूस." सगळा वर्ग खो खो हसला. हैबतीही हसला, पण थोडा उशिरा.

तो उशीर माझ्या मनातून गेलेला नाही. आजचा विषय निवडला तो त्यामुळेच. पोरांना क्वचितच ठेवलं जाणारं, अरबीतून आलेलं हे एक नाव. हैबती, हैबतराव, हैबतबाबा. आपल्या सातारा जिल्ह्यात हे नाव उच्चारलं की निदान म्हाताऱ्या माणसांचे हात आपोआप जोडले जातात. ते का, हे सांगायला मला थोडं लांबून यावं लागेल. अगदी अरबस्तानातून.

अरबी भाषेत शब्दाचं बीज बहुधा तीन व्यंजनांचं असतं. आपल्या शब्दाचं बीज आहे ह-य-ब. त्यातून 'हाब' हे क्रियापद होतं: भ्यायला, दबला, आदरानं मागे सरला. आणि त्यातूनच 'हैबा' हे नाम. अरबीत साध्या भीतीला वेगळा शब्द आहे, 'खौफ'. साप दिसला की वाटतो तो खौफ. हैबा त्याहून निराळी. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी पाऊल थबकतं, आवाज आपोआप खाली येतो, तिथं कुणी आपल्याला मारणार नसतं, तरी काहीतरी दडपण असतं. त्या दडपणाला हैबा म्हणायचं. आजच्या अरबी वर्तमानपत्रांत हा शब्द राजकारणातही सर्रास येतो. सरकारचा वचक उरला नाही म्हणायचं असेल तर 'हैबत अल्-दौला' गेली, असं लिहितात. लेबनॉनमधल्या एका गाजलेल्या मालिकेचं नावच 'अल्-हैबा' होतं. २०१७ ते २०२१ अशी पाच पर्वं चालली. सीमेवरच्या एका गावाचं ते नाव, आणि तिथल्या टोळीप्रमुखाच्या रुबाबाचंही.

एक गल्लत इथंच दूर करतो. मुसलमानी कायद्यात 'हिबा' आणि 'हिबानामा' हे शब्द आहेत, म्हणजे देणगी आणि बक्षीसपत्र. कानाला हैबाच्या जवळचे वाटतात, पण त्यांचं बीज वेगळं, व-ह-ब. हैबतीचा अर्थ 'देवानं दिलेला' असा कुणी सांगितला तर तो ऐकायला गोड आहे, खरा नाही.

आता त्या शेवटच्या 'त'कडे वळू, कारण सगळा प्रवास त्या एका अक्षरात आहे. अरबीत अशा नामांच्या शेवटी एक खास अक्षर असतं. बोलताना थांबलात तर ते 'आ'सारखं ऐकू येतं, पुढे शब्द जोडलात तर 'त' होतं. म्हणून सुटा शब्द 'हैबा', पण जोडून 'हैबत अल्-दौला'. फारसीनं हे शब्द उचलले तेव्हा तिनं वाटणी केली. काहींचा 'आ' ठेवला, काहींचा 'त'. आणि ती वाटणी जशीच्या तशी मराठीत उतरली. किल्ला, कायदा, फायदा, किस्सा हे एका वाटणीतले. दौलत, हिंमत, किंमत, मेहनत, हरकत, हुज्जत, सोबत, रयत हे दुसऱ्या वाटणीतले. मुळात सगळ्यांच्या शेवटी तेच एक अक्षर.

आता गंमत पाहा. अरबीत हे सगळे शब्द स्त्रीलिंगी. फारसीत लिंगभेदच नाही, म्हणून तिथं ते लिंग पुसलं गेलं. मराठीत आल्यावर त्यांना पुन्हा लिंग मिळालं, पण ते शेपूट बघून: तो किल्ला, तो कायदा, तो फायदा, आणि ती दौलत, ती हिंमत, ती हैबत. मराठीला अरबी व्याकरणाशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं आपल्या कानानं ठरवलं. व्याकरणकार लोक भाषेवर राज्य करतात असा ज्यांचा समज आहे, त्यांनी या दोन रांगा एकदा शेजारी शेजारी मांडून बघाव्यात.

तेव्हा हा 'त' म्हणजे फारसीचा शिक्का. हैबत हा शब्द कोकणच्या बंदरात उतरलेल्या अरब व्यापाऱ्याच्या तोंडून आला नसावा. तो दख्खनच्या दरबारांतून, फारसी दप्तरातून आला. बहमनी, निजामशाही, आदिलशाही या दरबारांत चाकरी करणाऱ्या मराठ्यांच्या कानावर तो रोज पडत असणार, आधी शब्द म्हणून आणि मग किताबाचा भाग म्हणून. जुन्या कागदांत शत्रूनं हैबत खाल्ली, अशी भाषा भेटते. म्हणजे धसका घेतला. मराठीत येताना अर्थातली भक्ती थोडी गळली आणि दहशत उरली, हे आपण लक्षात ठेवू.

आता शब्दाचं नाव कसं झालं? ती दौलत, पण तो दौलतराव. ती हिंमत, पण तो हिंमतराव. तसाच हैबतराव. 'राव' लावला की बाईच्या लिंगाचा शब्द बाप्यांच्या पंगतीत बसतो. तुर्कस्तानात तर रावचीही गरज पडली नाही. तिथं हिकमत, हिम्मत, दौलत ही सरळ पुरुषांची नावं आहेत. कवी नाझिम हिकमत आपल्याकडेही ठाऊक आहे.

नुसत्या हैबतच्या वाटेनं जगभर फिरलं तर माणसं मोठी विचित्र भेटतात. शेरशाह सूरनं पंजाबात ठेवलेला सरदार हैबतखान नियाझी. मुलतान त्यानं जिंकलं. पाटण्याचा नायब नाझिम झैनुद्दीन अहमद, सिराजउद्दौल्याचा बाप, त्याचा किताब 'हैबत जंग'. युद्धात धडकी भरवणारा, असा त्याचा अर्थ. १७४८ साली त्याचा खून झाला तो रणात नाही, भर दरबारात, ज्यांना तो समजूत घालून चाकरीत घेऊ पाहत होता त्या अफगाणांच्या हातून. मोरोक्कोत १९१२ साली फ्रेंचांचा अंमल बसला तेव्हा दक्षिणेच्या वाळवंटातून अहमद अल्-हैबा नावाचा माणूस उठला. त्यानं तिझनित इथं स्वतःला सुलतान म्हणवून घेतलं, माराकेश शहरात शिरला आणि सप्टेंबरात सिदी बू उस्मानच्या लढाईत फ्रेंच तोफांपुढे त्याचं सैन्य फुटलं. बाकूजवळ, कास्पियन समुद्राच्या काठी, बीबी-हैबत नावाची मशीद आहे. इमाम मूसा काझिम यांच्या मुलीची ती कबर मानतात. तिच्या एका सेवकाचं नाव हैबत, आणि बीबी म्हणजे तिकडे आत्या, म्हणून 'हैबतची आत्या'. एवढ्या थोर घराण्यातली स्त्री नोकराच्या नात्यानं ओळखली जाते, हे मला फार आवडलं. ती मशीद १९३६ साली सोव्हिएत राजवटीनं पाडली आणि नव्वदच्या दशकात पुन्हा उभारली गेली. त्याच बीबी-हैबतच्या परिसरात १८४६ साली यंत्रानं खणलेल्या जगातल्या पहिल्या काही तेलविहिरींपैकी एक झाली. आणि आज वर्तमानपत्रात या नावासारखं नाव आलं तर ते बहुधा कंदाहारहून येतं: २०१६ पासून तालिबानचा प्रमुख असलेला हिबतुल्ला अखुंदजादा. पण त्याचं बीज मघाच्या 'हिबा'चं: 'अल्लाची देणगी'. 

आपल्याकडे मात्र या नावानं वेगळंच वळण घेतलं.

त्याआधी एक शंका मला माहीत आहे, कारण हा विषय कळवला तेव्हाच एकानं ती फोनवर विचारली. मराठा घरात अरबी नाव कसं? तर, मालोजीराजे भोसल्यांच्या घरात कसं आलं, ते बघा. अहमदनगर, आता अहिल्यानगर, इथल्या शाहशरीफ पिराला त्यांनी पत्नी उमाबाईंसह नवस केला आणि दोन मुलगे झाले, म्हणून एकाचं नाव शहाजी आणि दुसऱ्याचं शरीफजी. परमानंदाच्या 'शिवभारता'त ही कथा आहे, तीही संस्कृतात. 'शाह' फारसी, 'शरीफ' अरबी, दोघांनाही आपला 'जी'. शरीफजीराजे १६२४ साली भातवडीच्या लढाईत पडले. शहाजी हे नाव घराण्यात पुढे चालत राहिलं, शरीफजी तिथंच थांबलं. नावांच्या लोकप्रियतेचं गणित असं असतं. अर्थ, उच्चार, धर्म यांपेक्षा ते नाव धारण करणारा माणूस पुढे काय करतो आणि किती जगतो, यावर ते जास्त अवलंबून.

शिवाजी महाराजांनी रघुनाथपंडितांकडून 'राज्यव्यवहारकोश' करून घेतला, तो फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. त्यात पदं बदलली, खाती बदलली, वस्तूंची नावं बदलली. माणसांची नावं कुणी बदलली नाहीत. ज्याचा बाप शहाजी, तो आपल्या पदरच्या दौलतरावाला नाव बदल म्हणून सांगणार नव्हताच. पुढे आपल्या काळात माधव जूलियनांनी १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' छापला आणि नंतर भाषाशुद्धीच्या बाजूनं लेखणी चालवली. मला त्यात विसंगती दिसत नाही. घरात काय काय आलंय याची नोंद केल्याशिवाय काय बाहेर काढायचं ते ठरत नाही. मी स्वतः काढण्याच्या पक्षाचा नाही, एवढंच.

शाहू छत्रपतींच्या काळात हैबतराव निंबाळकर सरलष्कर होते. साताऱ्याकडच्या कलगी-तुऱ्याच्या शाहिरीत हैबती नावाचा शाहीर होऊन गेला. एकाच्या हातात तलवार, दुसऱ्याच्या हातात डफ. पण ज्या हैबतरावासाठी मी हे नाव निवडलं ते तिसरे. आरफळचे. इथून आरफळ काही लांब नाही, तुमच्यातले निम्मे लोक त्या रस्त्यानं आले असतील.

हैबतराव पवार आरफळकर हे ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. ग्वाल्हेरच्या गादीवर १७९४ ते १८२७ दौलतराव शिंदे होते, म्हणजे दौलतरावाच्या चाकरीत हैबतराव. एका अरबी शब्दाच्या पदरी दुसरा. सांगतात ते असं. बरंच द्रव्य घेऊन ते गावाकडे निघाले असताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना लुटलं आणि एका गुहेत कोंडलं. तोंडावर धोंडा लावला. हैबतराव आत हरिपाठ म्हणत राहिले. एकविसाव्या दिवशी भिल्लांच्या नायकाला मुलगा झाला, त्या आनंदात त्याला कैद्याची आठवण झाली, धोंडा बाजूला केला, तर आत भजन चाललेलं. नायकानं लूट परत केली, आणि आपल्या पोराचं नाव ठेवलं हैबती.

कथा कथेसारखी घ्या. पण तिच्यातलं बारसं बघण्यासारखं आहे. सातपुड्यातल्या भिल्लाच्या घरात, आरफळच्या मराठ्यावरून, अरबी नाव. आणि त्या नायकानं ते दराऱ्यासाठी ठेवलं नाही. दरारा तर त्याच्याकडे स्वतःचाच होता. गुहेत कोंडलेल्या, निःशस्त्र, नामस्मरण करणाऱ्या माणसाचं नाव म्हणून ठेवलं. शब्दाचा अर्थ इथं पालटला.

हैबतराव मग आरफळला न जाता आळंदीला आले आणि तिथलेच झाले. शेजारती झाल्यावर वीणा घेऊन माउलींच्या समाधीपुढे उभे राहायचे, ते काकडआरतीपर्यंत. त्या काळी ज्ञानेश्वरांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा नव्हता. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराजांनी १६८५ साली पालखी सुरू केली होती, तिच्याबरोबरच ज्ञानेश्वरांच्या पादुका पंढरपूरला जात. १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींचा वेगळा सोहळा उभा केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला. आजही ते अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून चालत आळंदीला येतात. दिंड्यांचा भार वासकरांनी उचलला, शेळक्यांनी उचलला. शेळक्यांचं पाळण्यातलं नाव सुभानजी. 'सुभान' हाही अरबी शब्दच, ईश्वराचं पावित्र्य सांगणारा. वैष्णवांच्या सगळ्यात मोठ्या मेळ्याच्या पायाशी एक हैबत आणि एक सुभान आहेत, आणि दोनशे वर्षांत कुणाला त्याचं काही वाटलं नाही. वाटावं असं त्यात आहे तरी काय?

हैबतबाबा फौजेतले होते, आणि वारीची रचना बघितली की ते दिसतं. रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, प्रत्येकीला क्रमांक. पुढे अश्व, जरीपटका. कुणी कुठं चालायचं, कुठला अभंग कुठल्या वेळी, सगळं लावून दिलेलं. वारीतले शब्द ऐका. चोपदार, अब्दागिरी, तंबू हे फारसीच्या दारानं आलेले. 'मुक्काम' हा अरबी 'मकाम'. दरमजल म्हणतो त्यातली 'मजल' म्हणजे अरबी 'मंझिल'. ही छावणीची भाषा आहे. शिपायानं ती छावणीतून उचलून आणली आणि देवाच्या पायाशी ठेवली.

मुक्कामावर पालखी पोचली की समाजआरती होते. तुमच्यातल्या ज्यांनी ती लोणंदला किंवा फलटणला पाहिली असेल त्यांना सांगायला नको. सगळ्या दिंड्या गोल धरून उभ्या, शेकडो टाळ एकदम वाजतायत, शेजारच्याचं बोलणं कळत नाही. चोपदार चोप उंच करतो, 'होऽऽ' अशी हाळी देतो, आणि टाळ थांबतात. सगळे. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तेवढीच टाळ वाजवत राहते, मग तिची दाद घेतली जाते. त्यानंतर जी शांतता पसरते ती मी पहिल्यांदा अनुभवली तेव्हा मला गुरुजींचा वर्ग आठवला. इथं ना पोलीस, ना बंदूक, ना दंड. एक चांदीची काठी वर जाते आणि हजारो माणसं श्वास रोखतात. याला नाव काय द्यायचं? भीती नव्हे. अरबीतला मूळचा अर्थ, जो फारसी दप्तरात थोडा झिजला आणि मराठी रणांगणात जवळजवळ हरवला, तो मला तिथं लोणंदच्या माळावर सापडला.

सूफींनी या शब्दाला फार वरचं स्थान दिलंय. अकराव्या शतकात निशापूरला कुशैरी नावाचा विद्वान होऊन गेला. त्याच्या 'रिसाला' या ग्रंथात साधकाच्या अवस्था उतरंडीनं लावल्या आहेत. खाली भय आणि आशा. त्यांच्या वर आकुंचन आणि प्रसरण. आणि त्यांच्याही वर हैबा आणि उन्स. उन्स म्हणजे सलगी, जवळीक, आपलेपणा. ईश्वरासमोर साधक एकदा दबतो आणि एकदा लडिवाळ होतो, अशी ती जोडी. मला वाटतं, आपल्या वारकऱ्याला ही जोडी कुणी समजावून सांगावी लागणार नाही. तो ज्ञानेश्वरांना 'महाराज'ही म्हणतो आणि 'माउली'ही म्हणतो. पण हैबत नावाचा माणूस रात्रभर उभा राहून ज्याच्यापुढे भजन करत होता, त्याचं लाडकं नाव 'आई' असं आहे, हे कुशैरीला कळलं असतं तर तो खूश झाला असता. हैबतबाबांनी कुशैरी वाचला होता, असं मी अजिबात म्हणत नाही. शब्दाला स्वतःची स्मृती असते, असंही म्हणत नाही. तसलं गूढ बोलायची मला सवय नाही. योगायोग आहे. सुंदर आहे म्हणून सांगितला.

१८३६ साली हैबतबाबा आळंदीत गेले. त्यांची समाधी महाद्वाराच्या पहिल्या पायरीशी आहे. पंढरपूरला नामदेवांची पायरी आहे, तशी आळंदीला हैबतबाबांची. येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांच्या पायांची धूळ लागावी म्हणून. कार्तिकी यात्रेला सुरुवात होते ती या पायरीच्या पूजेनं, कार्तिक वद्य अष्टमीला. ज्याच्या नावाचा अर्थ 'ज्याला बघून लोक मागे सरतात', तो लोकांच्या पायांखाली जाऊन पडला. आरफळच्या त्या शिपायाला आपल्या नावाचा कोशातला अर्थ ठाऊक असेल की नसेल, कोण सांगणार. पण तो अर्थ त्यानं असा काही उलटा करून दाखवला की कोश मिटून ठेवावा.

आता हे नाव कुणी ठेवत नाही. सातारा-सांगलीकडच्या मतदारयादीत सत्तरीच्या पुढच्या पानांवर सापडेल, शेताच्या सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांच्या जागी सापडेल. बारशाला आत्या कानात सांगते ती नावं आता दोन-अडीच अक्षरी, कुठल्याही देशात कुठल्याही माणसाला उच्चारता यावीत अशी. त्याला मी नावं ठेवत नाही. हैबतराव हे नावही एके काळी फॅशनच होतं. दरबारी फारसीचा रुबाब होता म्हणून ठेवलं गेलं, तो रुबाब गेला तशी नावं गेली. हिंमतराव, दौलतराव थोडे टिकले, कारण हिंमत आणि दौलत हे शब्द रोजच्या तोंडात राहिले. हैबत हा शब्द बोलण्यातून गेला आणि नावाखालची जमीन सरकली. अर्थ कळेनासा झालेलं नाव पोराच्या गळ्यात बांधायला आई-बाप धजत नाहीत. अर्थ कळला आणि तो 'दरारा' निघाला, तर मग वर्ग हसतो.

ज्याला वर्ग हसला त्याचं पुढं काय झालं, हे तुम्ही विचारणार. दहावीनंतर त्यानं राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदललं. सुटसुटीत, तीन अक्षरी, मराठी वाचकाला कुठंही न अडणारं. नोकरी त्याच नावावर केली, निवृत्तही झाला. आई होती तोवर 'हैबत्या' म्हणून हाक मारायची, आणि वारीतली त्याची दिंडी अजूनही त्याच नावानं ओळखते. इथं यायच्या आधी मी त्याला फोन केला. म्हटलं, तुझी गोष्ट सांगणार आहे, चालेल ना? बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सांग की. पण नवं नाव सांगू नकोस हां. ते तिथं कुणाला कळायचं?"